उत्क्रांत ताऱ्यांच्या आवरणांतील रेणवीय रेषांचे ध्रुवणमापन

उत्क्रांत ताऱ्यांच्या आवरणांतील रेणवीय रेषांचे ध्रुवणमापन ही रेडिओ खगोलशास्त्रातील एक निरीक्षणपद्धती आहे. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात आलेल्या ताऱ्याभोवती वायू व धूळ यांचे विस्तीर्ण आवरण तयार होते. त्यातील रेणू ठरावीक कंप्रतांना रेडिओ तरंग उत्सर्जित करतात. हे तरंग कोणत्या दिशेने व किती प्रमाणात ध्रुवित आहेत हे मोजून आवरणातील चुंबकीय क्षेत्राचे बल आणि त्याची दिशा यांचे अनुमान काढले जाते. अशा थंड व दूरच्या वायूतील चुंबकीय क्षेत्र जाणण्याचे थेट मार्ग फारच थोडे असल्यामुळे या पद्धतीला महत्त्व आहे. मरणासन्न ताऱ्यातून बाहेर पडणाऱ्या वायूला आकार देण्यात चुंबकीय क्षेत्राचा वाटा किती, हा तिच्यामागचा मुख्य प्रश्न होय.

पार्श्वभूमी

सूर्याच्या सुमारे ०.८ ते ८ पट वस्तुमानाचे तारे गाभ्यातील हायड्रोजन व नंतर हीलियम संपल्यावर फुगून तांबडे राक्षसी तारे बनतात. या अवस्थेच्या अखेरच्या भागाला अनंतस्पर्शी राक्षसी शाखा असे म्हणतात. या काळात ताऱ्याचा पृष्ठभाग स्पंदन पावतो, बाहेर फेकला गेलेला वायू थंड होऊन त्यात धूलिकण जमतात, ताऱ्याचा प्रकाश या धूलिकणांना बाहेर ढकलतो आणि धुळीबरोबर वायूही ओढला जातो. असा तारकीय वारा साधारणपणे सेकंदाला ५ ते ३० किलोमीटर वेगाने वाहतो. त्यातून तारा दरवर्षी सूर्याच्या वस्तुमानाच्या दहा कोटीव्या भागापासून दहा हजाराव्या भागापर्यंत द्रव्य गमावतो. शेवटी गाभा श्वेत बटू म्हणून उरतो व बाहेरचे द्रव्य काही काळ बिंबाभ्रिकेच्या रूपाने चमकते. सूर्याचेही भवितव्य असेच आहे.

तांबड्या राक्षसी ताऱ्याचे वारे बहुधा गोलाकार पसरत असल्याचे दिसते. अनेक बिंबाभ्रिका मात्र द्विध्रुवी, लंबगोल किंवा फवाऱ्यासारख्या असतात. गोल वाऱ्यातून असा आकार कसा निर्माण होतो याची दोन प्रमुख स्पष्टीकरणे मांडली जातात: एक, जवळच्या सोबती ताऱ्याचे किंवा मोठ्या ग्रहाचे गुरुत्वाकर्षण, दोन, चुंबकीय क्षेत्र. दुसऱ्या स्पष्टीकरणाची परीक्षा करावयाची तर क्षेत्र मोजावे लागते.

ध्रुवण म्हणजे काय

विद्युतचुंबकीय तरंगातील विद्युत क्षेत्र तरंगाच्या प्रवासाच्या दिशेशी काटकोनात आंदोलित होते. ही आंदोलने सर्व दिशांत सारखी विखुरलेली असतील तर तरंग अध्रुवित असतो. ती एकाच प्रतलात असतील तर तरंग रेषीय ध्रुवित असतो. विद्युत क्षेत्राची दिशा गोल फिरत असेल तर तो वर्तुळी ध्रुवित असतो.

रेषीय ध्रुवणाचे परिचित उदाहरण मुंबईच्या उपनगरांत एकेकाळी घरोघरी दिसत असे. मुंबई दूरदर्शनचे प्रसारण १९७२ मध्ये सुरू झाले. प्रक्षेपणाचे तरंग क्षितिजसमांतर ध्रुवित असल्यामुळे अंधेरी, घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवली येथील इमारतींच्या गच्च्यांवरील ॲंटेनाच्या कांड्याही आडव्याच बसवाव्या लागत. तोच ॲंटेना उभ्या प्रतलात वळवला की चित्र फिके पडे. रेडिओ दुर्बिणीचे ध्रुवणमापन याच तत्त्वावर चालते: एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन दिशांनी तोच तरंग स्वतंत्रपणे ग्रहण करावयाचा आणि दोन्ही संकेतांची तुलना करावयाची.

ध्रुवणाचे संपूर्ण वर्णन चार राशींनी होते. त्यांना स्टोक्स प्रचल म्हणतात. आय ही एकूण तीव्रता, क्यू व यू ह्या रेषीय ध्रुवणाच्या राशी आणि व्ही ही वर्तुळी ध्रुवणाची राशी होय. क्यू व यू यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेतले की रेषीय ध्रुवित तीव्रता मिळते. यू व क्यू यांच्या गुणोत्तरावरून ध्रुवणाची आकाशातील दिशा ठरते. ही दिशा बाणासारखी एकमार्गी नसते. ती केवळ एक रेषा असते, म्हणून १८० अंश फिरवल्यास ती पूर्ववत होते.

आवरणातील रेणू व मेसर

प्राणवायूने समृद्ध असलेल्या आवरणांत तीन रेणू मेसर उत्सर्जन करतात. मेसर म्हणजे सूक्ष्मतरंगांचा लेसर होय. त्यात वरच्या ऊर्जापातळीतील रेणूंची संख्या खालच्या पातळीपेक्षा अधिक झालेली असते, त्यामुळे जाणारा तरंग क्षीण न होता वाढत जातो. या रेषा अत्यंत तेजस्वी व अरुंद असल्याने त्यांचे ध्रुवण मोजणे तुलनेने सोपे जाते. तिन्ही रेणू ताऱ्यापासून वेगवेगळ्या अंतरांवर आढळतात:

• सिलिकॉन मोनॉक्साइड: सुमारे ४३ व ८६ गिगाहर्ट्झ, ताऱ्यापासून काही खगोलीय एकके अंतरावर, धूळ जमण्याच्या क्षेत्राच्या आत.
• पाण्याची वाफ: २२.२ गिगाहर्ट्झ, दहा ते काही शे खगोलीय एकके.
• हायड्रॉक्सिल: १६१२, १६६५ व १६६७ मेगाहर्ट्झ, काही शे ते काही हजार खगोलीय एकके.

एका खगोलीय एककाचे मूल्य पृथ्वी व सूर्य यांच्यातील सरासरी अंतराएवढे आहे. तीन रेणूंची मापने एकत्र केली की ताऱ्यापासून दूर जाताना चुंबकीय क्षेत्र कसे घटत जाते याचा आलेख मिळतो. कार्बनने समृद्ध आवरणांत हे मेसर सहसा नसतात. तेथे कार्बन मोनॉक्साइड, कार्बन मोनोसल्फाइड, सिलिकॉन मोनोसल्फाइड यांसारख्या रेणूंच्या साध्या, म्हणजे मेसर नसलेल्या रेषांवर अवलंबून राहावे लागते.

ध्रुवण निर्माण करणाऱ्या प्रक्रिया

झीमन परिणाम

चुंबकीय क्षेत्रात रेणूची ऊर्जापातळी अनेक उपपातळ्यांत विभागली जाते आणि एका वर्णपटरेषेच्या जागी किंचित वेगळ्या कंप्रतांच्या रेषा उमटतात. यास झीमन परिणाम म्हणतात. क्षेत्र निरीक्षकाच्या दिशेने असेल तर विभागलेल्या दोन रेषा परस्परविरुद्ध वर्तुळी ध्रुवण दाखवतात. त्यांच्यातील अंतर क्षेत्राच्या प्रमाणात असते.

हायड्रॉक्सिल हा समचुंबकीय रेणू आहे, म्हणून त्याचे विभाजन मोठे असते. १६६५ मेगाहर्ट्झच्या रेषेसाठी दर मिलिगॉसला सुमारे ३.३ किलोहर्ट्झ, म्हणजेच वेगाच्या भाषेत सेकंदाला सुमारे ०.५९ किलोमीटर एवढे अंतर पडते. काही मिलिगॉस क्षेत्रात दोन्ही घटक स्पष्टपणे वेगळे दिसू शकतात. सिलिकॉन मोनॉक्साइड व पाणी हे समचुंबकीय नाहीत. त्यांचे विभाजन जवळपास हजार पटींनी लहान असते व ते रेषेच्या रुंदीत झाकले जाते. तेव्हा व्ही या राशीत केवळ एक क्षीण, अर्धी धन व अर्धी ऋण अशी नागमोडी आकृती दिसते आणि तिच्या उंचीवरून क्षेत्राचे अनुमान करावे लागते.

गोल्डराइख–कायलाफिस परिणाम

मेसर नसलेल्या रेषांतही रेषीय ध्रुवण असू शकते, हे पीटर गोल्डराइख व निकोलाओस कायलाफिस यांनी १९८१ मध्ये दाखवले. रेणूवर सर्व दिशांनी सारखेच प्रारण पडत असेल तर त्याच्या चुंबकीय उपपातळ्या सारख्याच भरल्या जातात आणि ध्रुवण उद्भवत नाही. प्रारण एका दिशेने अधिक व दुसऱ्या दिशेने कमी असेल तर ही समानता मोडते. बाहेर पडणारे प्रारण काही टक्क्यांपर्यंत रेषीय ध्रुवित होते. ध्रुवणाची दिशा आकाशावर प्रक्षेपित झालेल्या चुंबकीय क्षेत्राला समांतर किंवा लंब असते. यासाठी अगदी दुर्बळ क्षेत्रही पुरते, परंतु त्यामुळे क्षेत्राचे बल कळत नाही, फक्त दिशा कळते.

आवरणाच्या बाबतीत एक विशेष गोष्ट आहे. ताऱ्याचे अवरक्त प्रारण सर्व रेणूंवर केंद्राकडूनच येते, म्हणजे विषमता आपोआपच उपलब्ध असते. मॉरिस, लुकास व ओमों यांनी १९८५ मध्ये या परिस्थितीचे गणित मांडले. चुंबकीय क्षेत्र अगदीच क्षीण असेल तर ध्रुवणाच्या रेषा केंद्राभोवती अरीय किंवा स्पर्शीय अशा सममित रचनेत मांडल्या जातात. त्या रचनेपासून होणारे विचलन हीच क्षेत्राची खूण असते.

मापनाची पद्धती व अडचणी

ध्रुवणमापनातील मूळ अडचण ही की जे मोजायचे ते एकूण संकेताचा फार लहान अंश असते. समजा, एखादी रेषा २ टक्के रेषीय ध्रुवित आहे. क्यू व यू यांतील गोंगाट आय मधील गोंगाटाएवढाच असतो. ध्रुवण गोंगाटाच्या पाचपट दिसावे अशी अपेक्षा ठेवली तर एकूण रेषा गोंगाटाच्या २५० पट तेजस्वी मोजावी लागते. गोंगाट निरीक्षणकाळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे तो निम्मा करावयाचा तर चौपट वेळ द्यावा लागतो. शिवाय ध्रुवित तीव्रता वर्गांच्या बेरजेतून काढली जात असल्याने ती कधीही ऋण येत नाही. त्यामुळे अध्रुवित उगमातही गोंगाटामुळे थोडे ध्रुवण असल्याचा भास होतो व त्याची दुरुस्ती करावी लागते.

दुसरी अडचण उपकरणाची आहे. दुर्बिणीच्या फीडमधील दोन संग्राहक पूर्णपणे स्वतंत्र नसतात. एकाचा थोडा संकेत दुसऱ्यात गळतो. ही गळती काही टक्के असली तरी ती खऱ्या ध्रुवणाएवढीच ठरते आणि तिची दुरुस्ती न केल्यास उपकरणाचा दोष ताऱ्याच्या नावावर जमा होतो. तो वेगळा काढण्याचा एक सुंदर मार्ग पृथ्वीच्या परिवलनातून मिळतो. क्षितिज व उंची या अक्षांवर फिरणारी दुर्बीण एखाद्या उगमाचा रात्रभर पाठलाग करते, तेव्हा आकाश फीडच्या संदर्भात हळूहळू वळत जाते. ताऱ्याचे ध्रुवण या वळणाबरोबर फिरते, तर उपकरणाची गळती जागच्या जागी राहते. दिशेचे मोजमाप निश्चित करण्यासाठी ३सी २८६ सारख्या ज्ञात ध्रुवणाच्या क्वेसारचे निरीक्षण केले जाते.

तिसरी अडचण प्रवासातील आहे. आंतरतारकीय माध्यमातील इलेक्ट्रॉन व चुंबकीय क्षेत्र यांमुळे रेषीय ध्रुवणाची दिशा वळते. यास फॅरडे परिवलन म्हणतात. ते तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ज्या मार्गावर हायड्रॉक्सिलच्या १८ सेंटिमीटर तरंगांची दिशा सुमारे १९ अंश वळते, त्याच मार्गावर ८६ गिगाहर्ट्झच्या तरंगांची दिशा एका अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वळते. म्हणून क्षेत्राच्या दिशेसाठी मिलिमीटर तरंग अधिक विश्वसनीय ठरतात.

चौथी अडचण विभेदनक्षमतेची आहे. संपूर्ण आवरण दुर्बिणीला एका बिंदूसारखे दिसत असेल तर सममित रचनेतील निरनिराळ्या दिशांची ध्रुवणे एकमेकांना छेद देतात व बेरीज शून्याजवळ येते. यासाठी अनेक ॲंटेना जोडून केलेले व्यतिकरणमापक लागतात. अमेरिकेतील व्हीएलबीए या दहा ॲंटेनांच्या जाळ्याची कमाल लांबी सुमारे ८,६०० किलोमीटर आहे. ४३ गिगाहर्ट्झला ते एका अंशसेकंदाच्या पाच हजाराव्या भागाएवढा तपशील ओळखू शकते.

महत्त्वाची निरीक्षणे

ताऱ्यांच्या आवरणांतून येणारे १६१२ मेगाहर्ट्झचे तेजस्वी उत्सर्जन विल्सन व बॅरेट यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. बार्व्हेनिस व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये सिलिकॉन मोनॉक्साइड मेसरांत वर्तुळी ध्रुवण असल्याचे दाखवून ताऱ्याच्या निकट प्रबळ चुंबकीय क्षेत्र असावे असा निष्कर्ष काढला. केंबॉल व डायमंड यांनी १९९७ मध्ये टीएक्स कॅमेलोपार्डालिस या ताऱ्याभोवतीच्या मेसरांच्या कड्याचे ध्रुवणचित्र व्हीएलबीएच्या साहाय्याने तयार केले. त्यात ध्रुवणाच्या रेषा बहुतांशी कड्याला स्पर्शीय असल्याचे दिसले.

मेसर नसलेल्या रेषांचा शोध अधिक कष्टाचा ठरला. जेसन ग्लेन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सिंह राशीतील आयआरसी +१०२१६ या कार्बनयुक्त ताऱ्याच्या आवरणात अशा ध्रुवणाचा पुरावा मांडला. पुढे २०१२ मध्ये हवाई बेटावरील एसएमए या व्यतिकरणमापकाने त्याच ताऱ्याभोवती कार्बन मोनॉक्साइड, कार्बन मोनोसल्फाइड व सिलिकॉन मोनोसल्फाइड या तीन रेणूंच्या रेषांचे ध्रुवण नकाशात उतरवले. त्याच वर्षी वृषभ राशीतील आयके टॉरी या ताऱ्याचीही अशी मापने प्रसिद्ध झाली.

एर्पां व सहकाऱ्यांच्या २००६ मधील सर्वेक्षणात सिलिकॉन मोनॉक्साइडच्या क्षेत्रात सरासरी ३.५ गॉस एवढे क्षेत्र आढळले. पाण्याच्या क्षेत्रात ते सामान्यतः एका गॉसच्या काही दशांशांच्या घरात व हायड्रॉक्सिलच्या क्षेत्रात काही मिलिगॉस असते. तुलनेसाठी, मुंबई परिसरात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ०.४ गॉस आहे. २०१४ मध्ये काय सिग्नी या ताऱ्याच्या पृष्ठभागावर २ ते ३ गॉस क्षेत्र असल्याचे दृश्य प्रकाशातील ध्रुवणमापनाने दाखवण्यात आले.

निष्कर्षांचे महत्त्व व मतभेद

एक गॉस हे क्षेत्र ऐकण्यास किरकोळ वाटते. परंतु त्याचा चुंबकीय दाब दर घनसेंटिमीटरला सुमारे ०.०४ अर्ग एवढा असतो. सिलिकॉन मोनॉक्साइडच्या क्षेत्रात दर घनसेंटिमीटरला १० अब्ज कण व १,३०० केल्व्हिन तापमान धरले तर वायूचा औष्णिक दाब सुमारे ०.००२ अर्ग येतो. म्हणजे चुंबकीय दाब वायूच्या दाबाच्या वीसपट ठरतो व अशा ठिकाणी क्षेत्राकडे दुर्लक्ष करता येत नाही.

क्षेत्राच्या रचनेवरही मापनांमुळे मर्यादा येतात. ताऱ्यापासून ३ खगोलीय एककांवर ३ गॉस क्षेत्र असेल, तर ३०० एककांवर ते वेटोळ्याच्या रचनेत ३० मिलिगॉस, अरीय रचनेत ०.३ मिलिगॉस आणि द्विध्रुवी रचनेत केवळ ०.००३ मिलिगॉस उरेल. हायड्रॉक्सिलची प्रत्यक्ष मापने पहिल्या दोन मूल्यांच्या दरम्यान पडतात, म्हणून साध्या द्विध्रुवी क्षेत्राची शक्यता मागे पडते. मात्र ही मापने निरनिराळ्या ताऱ्यांची असल्याने त्यांत विखुरणी मोठी आहे.

व्लेमिंग्स, डायमंड व इमाई यांनी २००६ मध्ये डब्ल्यू ४३ ए या उत्क्रांत ताऱ्याच्या फवाऱ्यातील पाण्याच्या मेसरांचे ध्रुवण मोजून तो फवारा चुंबकीय क्षेत्रामुळे अरुंद राहिला असल्याचे दाखवले. दुसऱ्या बाजूला, लीन डेसिन व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये आल्मा दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून अनेक ताऱ्यांच्या वाऱ्यांतील सर्पिल व चकतीसारख्या रचना सोबत्यांच्या प्रभावाने समजावता येतात, असे प्रतिपादन केले. एकाकी तारा प्रबळ क्षेत्र दीर्घकाळ टिकवू शकतो का, हाही वादाचा विषय आहे. त्यामुळे दोन्ही स्पष्टीकरणे परस्परविरोधी नसून सोबती ताराच क्षेत्र निर्माण करण्यास साहाय्य करत असावा, असेही मत आहे.

मापनाच्या अर्थाविषयीही सावधगिरी बाळगली जाते. सिलिकॉन मोनॉक्साइडमधील वर्तुळी ध्रुवण झीमन परिणामाशिवायही, रेषीय ध्रुवणाचे वर्तुळी ध्रुवणात रूपांतर होऊन निर्माण होऊ शकते. तसे असेल तर प्रत्यक्ष क्षेत्र बरेच क्षीण ठरेल. रेषीय ध्रुवणातही क्षेत्र व दृष्टिरेषा यांच्यातील कोन सुमारे ५५ अंश ओलांडतो तेव्हा ध्रुवणाची दिशा एकदम ९० अंशांनी बदलते. म्हणून एकाच रेणूच्या एकाच रेषेवर निष्कर्ष न काढता अनेक रेषांची सांगड घालणे आवश्यक मानले जाते.

महाराष्ट्र व भारतातील संदर्भ

भारतीय रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात मुंबईच्या परिसरात झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९६५ मध्ये कल्याण येथे १.८ मीटर व्यासाच्या ३२ ॲंटेनांची दुर्बीण उभी राहिली. ती ६१० मेगाहर्ट्झला सूर्याचे निरीक्षण करत असे. याच परंपरेतून पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळील खोडद येथे जीएमआरटी उभारण्यात आली. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲंटेना असून त्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या आहेत. ती चारही स्टोक्स प्रचल मोजू शकते. तथापि तिचा सर्वांत वरचा पट्टा सुमारे १४५० मेगाहर्ट्झपर्यंतच आहे. त्यामुळे आकाशगंगेतील ताऱ्यांच्या हायड्रॉक्सिल रेषा थोडक्यात तिच्या कक्षेबाहेर राहतात. बेंगळुरू येथील रामन संशोधन संस्थेच्या १०.४ मीटर मिलिमीटर तरंग दुर्बिणीने ८६ गिगाहर्ट्झच्या सिलिकॉन मोनॉक्साइड मेसरांची निरीक्षणे झाली आहेत. पुण्याच्या आयुका संस्थेच्या, गिरवली येथील दोन मीटर दुर्बिणीवर दृश्य प्रकाशातील ध्रुवणमापनाची सोय आहे. तिने धुळीवरून विखुरलेल्या प्रकाशाचे ध्रुवण मोजता येते, रेणवीय रेषांचे नव्हे.

मुंबईसारख्या समुद्रसपाटीवरील दमट शहरातून ही निरीक्षणे शक्य नाहीत. मिलिमीटर तरंग हवेतील बाष्पात शोषले जातात, म्हणूनच आल्मा दुर्बीण चिलीच्या वाळवंटात सुमारे ५,००० मीटर उंचीवर आहे. सेंटिमीटर तरंग बाष्पातून येतात, पण त्यांना शहरातील विद्युत व दूरसंचार उपकरणांचा व्यत्यय होतो. सूक्ष्म मापने शहराबाहेर हलवावी लागण्याचा अनुभव मुंबईला नवा नाही. विजेच्या ट्रामगाड्यांचा व्यत्यय टाळण्यासाठी कुलाबा वेधशाळेच्या भूचुंबकीय मापनांची सोय १९०४ मध्ये अलिबाग येथे करण्यात आली होती.

प्रत्यक्ष तारे मात्र उपनगरांतूनही पाहता येतात. मृग नक्षत्रातील काक्षी हा तांबडा महाराक्षसी तारा हिवाळ्यात शहरी आकाशातही सहज दिसतो. तिमिंगल तारकासमूहातील मायरा हा तारा सुमारे ३३२ दिवसांच्या चक्रात नुसत्या डोळ्यांना दिसतो व पुन्हा नाहीसा होतो. मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र विद्यार्थ्यांसाठी खगोलशास्त्र ऑलिंपियाडचे आयोजन करते.

भविष्यातील शक्यता

दक्षिण आफ्रिकेत उभारण्यात येत असलेल्या एसकेए-मिड या दुर्बिणीच्या कंप्रता-कक्षेत हायड्रॉक्सिलच्या सर्व १८ सेंटिमीटर रेषा येतात. भारत २०२४ मध्ये एसकेए वेधशाळेचा सदस्य झाला असून या सहभागात पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची प्रमुख भूमिका आहे. एकाच ताऱ्याच्या आवरणातील तिन्ही मेसर व साध्या रेषा यांची ध्रुवणमापने एकाच काळात झाली, तर निरनिराळे तारे एकत्र मांडण्यातून येणारी अनिश्चितता दूर होऊन क्षेत्राची रचना ताऱ्यागणिक ठरवता येईल.